कोळसा किती आचेचा?

प्रिय,
सप्रेम आशीर्वाद.

कोळशावर संशोधन करायचं ठरवलं आहेस आणि सुरुवात कुठून करू, असं विचारलं आहेस. विषय चांगला निवडलास. लाकूड, बांबू, करवंटी, भाताचं तूस, काहीही हवा रोखून तापवलं की कोळसा होतो, त्यामुळे हे काम सोपं वाटतं. फसगत तिथेच होते. ‘कोळसा’ हे एका पदार्थाचं नाव नव्हे. ३५० अंश सेल्सिअसला झालेला आणि ७५० अंशांना झालेला कोळसा दिसायला सारखेच काळे. पण पहिल्यातून वीज जवळपास जात नाही, दुसऱ्यातून जाते. पहिल्यात डांबर उरलेलं असतं, दुसऱ्यात नावापुरतं. पाण्यात टाकले तर दोघांचा सामू, म्हणजे पाण्याच्या आम्ल-अल्कलीपणाचा आकडा (पीएच), वेगळा येतो. म्हणून एकच गोष्ट या पत्रात तुला वारंवार भेटेल: कोळसा कशाचा, किती आचेचा, किती वेळ तापवलेला आणि कोणत्या वायूत झालेला, हे नोंदलेलं नसेल तर पुढची सगळी मोजमापं वाया जातात. मोजणारं यंत्र कितीही भारी असो.

आधी भट्टीत काय घडतं ते पक्कं समजून घे. सुरुवातीला पाणी जातं, आणि ते पुरतं जाईपर्यंत लाकडाच्या तुकड्याच्या गाभ्याचं तापमान शंभराच्या आसपास अडून राहतं. मग लाकडाचे तीन मुख्य घटक मोडतात: साधारण २२० ते ३१५ अंशांत हेमिसेल्युलोज फुटतं, ३१५ ते ४०० मध्ये सेल्युलोज. तिसरं, लिग्निन, मात्र १६० पासून ९०० पर्यंत संथपणे मोडत राहतं आणि कोळशाला सर्वांत मोठा वाटा तेच देतं. म्हणूनच करवंटीसारख्या लिग्निन भरपूर असलेल्या मालातून घट्ट, जड कोळसा मिळतो. २८० अंशांच्या पुढे ही क्रिया स्वतःच उष्णता सोडू लागते. भट्टीचा आकडा ४०० दाखवत असताना मालाच्या मध्यात त्याहून बरंच जास्त तापमान असू शकतं. तेव्हा एक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) भट्टीच्या भिंतीशी आणि दुसरा मालाच्या मधोमध, असे दोन हवेतच. लेखात तू जे तापमान लिहिशील ते मालाचं असलं पाहिजे, बटणावर लावलेलं नव्हे.

पहिली खेप अशी कर. माल १ ते २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढून एकसारखा घे. १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळव. नळीच्या भट्टीत ठेवून आच लावण्याआधी किमान अर्धा तास नायट्रोजन सोड, म्हणजे आतली हवा निघून जाईल. मग मिनिटाला ५ अंश या गतीने ५०० पर्यंत ने, तिथे एक तास ठेव आणि नायट्रोजन चालूच ठेवून थंड होऊ दे. घाई याच टप्प्यावर होते. माल शंभर अंशांच्या खाली येण्याआधी नळी उघडली तर कोळसा हवेतला ऑक्सिजन घेतो, वरचा थर जळतो, राखेचं प्रमाण वाढतं आणि पृष्ठभागाचं रसायनही बदलतं. बाहेर काढल्यावर वर करडी साय दिसली तर ती खेप मोजमापाला घेऊ नकोस. वाफ आणि डांबर बाहेर नेणारी नळी गार पडत असेल तर ती तुंबते. तिला तापणाऱ्या तारेचं वेटोळं गुंडाळून गरम ठेव किंवा आखूड कर, आणि प्रत्येक खेपेनंतर ॲसिटोनने धू.

आता वजनं. आत गेलेल्या कोरड्या मालाचं वजन, बाहेर आलेल्या कोळशाचं वजन आणि जमलेल्या डांबर-पाण्याचं वजन, ही तिन्ही रोज लिही. उतारा, म्हणजे मालातून किती टक्के कोळसा निघाला, तो कोरड्या वजनावर काढ. १०० ग्रॅम लाकडात १२ ग्रॅम पाणी असेल आणि कोळसा २६.४ ग्रॅम निघाला, तर उतारा २६.४ टक्के नाही, ३० टक्के आहे. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा बरेचदा एवढंच कारण असतं. संथ आचेवर साध्या लाकडाचा उतारा ५०० अंशांच्या आसपास २५ ते ३० टक्के पडतो. ४५ टक्के आला तर आनंद मानू नकोस. तापमान पोचलेलं नाही, किंवा माल ओला होता.

जास्त उतारा म्हणजे जास्त कोळसा, हा समज तर आधीच सोडून दे. असं धर, एका खेपेचा उतारा ४० टक्के आहे आणि त्या कोळशात ३५ टक्के बाष्पशील भाग (पुन्हा तापवल्यावर वायू होऊन जाणारा), ३ टक्के राख, म्हणजे उरलेला स्थिर कार्बन ६२ टक्के. दुसऱ्या खेपेचा उतारा ३० टक्के, पण बाष्पशील १४, राख ४ आणि स्थिर कार्बन ८२ टक्के. गुणाकार कर: पहिल्यात १०० ग्रॅम मालातून २४.८ ग्रॅम स्थिर कार्बन, दुसऱ्यात २४.६. दोन्ही खेपा सारख्याच. पहिल्यात फक्त अर्धवट भाजलेलं लाकूड जास्त उरलंय. हा गुणाकार प्रत्येक तक्त्यात असू दे.

हे आकडे मिळवायची पद्धत जुनी आणि स्वस्त आहे, आणि तीच सर्वांत जास्त बिघडवली जाते. ओलावा १०५ अंशांवर. बाष्पशील भागासाठी झाकणाची मूस (आच सोसणारी छोटी वाटी) आधी भट्टीच्या तोंडाशी काही मिनिटं तापू दे आणि मग आत ९५० अंशांना ६ मिनिटं ठेव. थेट आत ढकललीस तर वायू जोरात सुटून बारीक कण उडतात आणि बाष्पशील भाग फुगलेला दिसतो. झाकण सैल असेल तर कोळसाच जळतो, आणि परिणाम पुन्हा तोच. राखेसाठी उघडी मूस ७५० अंशांना ६ तास. डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, थंड करून लगेच वजन कर. कोरडा कोळसा हवेतलं पाणी इतक्या भराभर ओढतो की तराजूवरचा आकडा डोळ्यांदेखत चढत राहतो. स्थिर कार्बन हा वजाबाकीने येणारा आकडा आहे, आधीच्या तिन्हींच्या चुका त्यात गोळा होतात. म्हणून प्रत्येक नमुन्याच्या तीन मुशी लाव.

भट्टीबाहेरच्या दोन साध्या परीक्षाही हाताशी ठेव. कोळशाची भुकटी ॲसिटोनमध्ये हलवून बघ. द्रव पिवळट-तपकिरी झाला तर डांबर शिल्लक आहे. दुसरी, अखंड तुकड्याला मल्टीमीटरची टोकं लाव. साधारण ६०० अंशांच्या खालचा कोळसा जवळपास विद्युत्‌रोधक असतो, पुढे ८००-९०० पर्यंत रोध अनेक पटींनी कोसळतो. एकाच खेपेतल्या दहा तुकड्यांचे आकडे आकाशपाताळाइतके वेगळे आले, तर आच सगळीकडे सारखी पोचली नाही हे दोन मिनिटांत कळतं. कोणताही लेख छापताना ही परीक्षा कुणी मागणार नाही. तरी कर.

कोळसा दुसरे पदार्थ धरून ठेवतो, हे ज्ञान जुनं आहे. रसायनशास्त्रज्ञ शेले याने १७७३ मध्ये कोळसा वायू शोषतो हे मोजलं. लोविट्झ या दुसऱ्या रसायनशास्त्रज्ञाने १७८५ मध्ये टार्टारिक आम्लाच्या द्रावणाचा तपकिरी रंग कोळशाने जातो हे पाहिलं. साखर शुद्धीकरणापासून विषारी वायूच्या मुखवट्यापर्यंत पुढचा पसारा याच गुणावर उभा आहे. या गुणाचं नाव पृष्ठशोषण. रेणू कोळशात विरघळत नाहीत, छिद्रांच्या भिंतींना चिकटतात. २ नॅनोमीटरहून बारीक छिद्रं सूक्ष्म, २ ते ५० मधली मध्यम, त्यावरची स्थूल. सूक्ष्म छिद्रांत क्षेत्रफळ असतं, पण मोठ्या वाटा नसतील तर तिथवर काही पोचत नाही. मोठा रंगरेणू आणि छोटा आयोडिन रेणू यांचे निकाल एकाच कोळशावर उलटसुलट येतात ते यामुळे.

साध्या कोळशाची छिद्रं डांबराने बुजलेली असतात. ती मोकळी करणं, वाढवणं म्हणजे सक्रियण. वाफेने करायचं तर ८०० ते १००० अंश लागतात. पाण्याची वाफ कार्बनशी क्रिया करून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन देते, आणि ही क्रिया उष्णता खाते. त्यामुळे वाफ सोडताच मालाचं तापमान पडतं. ते पडलेलं दिसलं नाही तर वाफ मालातून न जाता बाजूने निसटते आहे. किती कार्बन जळून गेला याची टक्केवारी नेहमी सांग. ५० टक्के गेला की ३ टक्के राखेची ६ टक्के होते, हेही विसरू नकोस. आणखी जाळत राहिलं तर भिंती पडून बारीक छिद्रांची मोठी होतात आणि क्षेत्रफळ पुन्हा उतरतं.

सुरुवातीला मला विचारशील तर फॉस्फोरिक आम्लाची वाट धर. वाळलेला माल आणि आम्ल वजनाने १ ला १ पासून १ ला २ पर्यंत, रात्रभर मुरवून, ११० अंशांवर वाळवून, ४५० अंशांना एक तास. तापमान कमी, उतारा चांगला, साधनं साधी. खरी मेहनत धुण्यात आहे. धुतल्या पाण्याचा सामू ६ ते ७ वर येईपर्यंत गरम ऊर्ध्वपातित पाण्याने धुवायचं. आठ-दहा वेळा लागतं. अर्धवट धुतलेल्या कोळशात आम्ल उरतं, ते प्रयोगातल्या द्रावणाचा सामू पाडतं, आणि तुला वाटतं की कोळशाने काही केलं. झिंक क्लोराइडने केलेल्या कोळशातून जस्त पाण्यात उतरतं. पिण्याचं पाणी शुद्ध करण्याचा दावा करणाराने ते मोजलंच पाहिजे. पोटॅशियम हायड्रॉक्साइडने ७०० ते ८०० अंशांना क्षेत्रफळ प्रचंड मिळतं, पण तिथे धातुरूप पोटॅशियम तयार होऊन नळीच्या गार टोकाला साचू शकतं. पाणी लागताच ते पेट घेतं. शिवाय हा अल्कली क्वार्ट्‌झची नळी खातो. अनुभवी माणूस शेजारी नसेल तर ही वाट पहिल्या वर्षी नको.

मोजमापात आयोडिन अंक, म्हणजे एक ग्रॅम कोळसा किती आयोडिन धरतो तो आकडा, आधी शीक. कोळसा बारीक दळून वाळव. ५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाच्या १० मिलिलिटरमध्ये ३० सेकंद उकळ, म्हणजे गंधकाची संयुगं निघून जातात. नाहीतर ती आयोडिन खातात. थंड झाल्यावर ०.१ नॉर्मल (नॉर्मल हे तीव्रतेचं एकक) आयोडिनचं १०० मिलिलिटर द्रावण घाल, बरोबर ३० सेकंद जोरात हलव, लगेच गाळ. गाळलेल्यातले पहिले २०-३० मिलिलिटर टाकून दे, कारण गाळणकागद स्वतःच आयोडिन ओढतो. पुढचे ५० मिलिलिटर थायोसल्फेटने टायट्रेट कर, म्हणजे उरलेलं आयोडिन मोजलं जाईल. कोळशाची तीन वेगवेगळी वजनं घ्यायची आणि उरलेलं आयोडिन ०.०२ नॉर्मल असताना एक ग्रॅम कोळसा किती मिलिग्रॅम धरतो ते आलेखावरून वाचायचं. एकाच वजनावर काढलेला आयोडिन अंक मी वाचूनही बघत नाही.

क्षेत्रफळासाठी बाहेर नमुने पाठवशील तेव्हा नुसता बीईटी समीकरणाने काढलेला आकडा मागू नकोस, पूर्ण समतापी आलेख (एकाच तापमानाला, दाब वाढेल तसा किती वायू धरला जातो त्याचा) माग. ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर यांचं १९३८ चं ते समीकरण नायट्रोजनचे थर एकावर एक बसतात असं धरतं. सूक्ष्म छिद्रांत थरांना जागाच नसते, म्हणून दाबाचा कोणता पट्टा घेतला हे लिहावं लागतं. कमी आचेच्या कोळशात उणे १९६ अंशांना नायट्रोजन इतका मंद सरकतो की क्षेत्रफळ जवळजवळ शून्य येतं. त्याच नमुन्याला शून्य अंशांवर कार्बन डायऑक्साइडने मोजलं तर शंभराच्या घरातले आकडे निघतात. तुसाचा कोळसा असेल तर निम्म्याच्या आसपास राखच असू शकते, मुख्यतः सिलिका. मग दर ग्रॅम क्षेत्रफळ राख वगळून वेगळं दे.

मिथिलीन ब्लू हा निळा रंग पाण्यातून काढण्याचा प्रयोग तू करशीलच, सगळे करतात. म्हणून त्यातले खड्डे सांगतो. हा रंग ६६४ नॅनोमीटरला मोजतात. शोषकता (द्रावण किती प्रकाश अडवतं त्याचा आकडा) १ च्या आसपास किंवा खाली राहील इतकं द्रावण पातळ कर, त्यासाठी लिटरला ५ मिलिग्रॅमच्या खाली उतरावं लागतं. हा रंग काचेलाही चिकटतो आणि गाळणकागदालाही. गाळू नकोस, सेंट्रिफ्यूज कर. तरीही कोळशाचे बारीक कण तरंगत राहिले तर रंग उरला असं भासतं. ८०० नॅनोमीटरला वाच: तिथे हा रंग काही शोषत नाही, आकडा शून्यावर नसेल तर कण आहेत. दोन कोऱ्या बाटल्या प्रत्येक वेळी लाव, एकीत रंग आहे पण कोळसा नाही, दुसरीत कोळसा आहे पण रंग नाही.

आणि ‘९९ टक्के रंग काढला’ या वाक्याच्या मोहात पडू नकोस. लिटरला १०० मिलिग्रॅम रंगाचं ५० मिलिलिटर द्रावण घे. ०.१ ग्रॅम कोळशाने ९९ टक्के काढला तर ग्रॅममागे ४९.५ मिलिग्रॅम. १ ग्रॅम कोळशाने ९९.९ टक्के काढला तर ग्रॅममागे जेमतेम ५. टक्क्यांत दुसरा सरस, कामात दहापट कमी. टक्केवारी तू किती कोळसा ओतलास हे सांगते, कोळशाबद्दल काही सांगत नाही. आलेखाचा सपाट भाग येईपर्यंत रंगाची तीव्रता वाढवत ने, मगच कमाल क्षमतेचा आकडा लिही. द्रावणात उरलेला रंग आणि कोळशाने धरलेला रंग यांचं नातं सांगणारं लँगम्युअरचं समीकरण सरळ रेषेत बसवण्यासाठी उलटंपालटं करू नकोस. त्यात चुकांचं वजन बदलतं. मूळ वक्रच संगणकावर बसव. रंग किती वेगाने धरला जातो त्याच्या आलेखात ‘छद्म द्वितीय कोटी’चं नेहमीचं समीकरण ०.९९९ ने (१ म्हणजे तंतोतंत) जुळलं म्हणून रासायनिक बंध सिद्ध होत नाही. बहुतेक बिंदू समतोल गाठल्यानंतरचे असतील तर ते कशालाही जुळतं. पहिल्या दहा मिनिटांत जास्त बिंदू घे, खरी माहिती तिथे आहे.

पुनरावृत्तीबद्दल मी कडक बोलणार आहे. एकाच खेपेच्या कोळशाच्या तीन बाटल्या म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. त्याने तुझा हात किती स्थिर आहे एवढंच कळतं. तीन वेगळ्या खेपा भाज, प्रत्येकीतून नमुना घे, आणि त्यांतला फरक आलेखावरच्या त्रुटीच्या पट्ट्यात (एरर बार) दाखव. पट्टा रुंद येईल. येऊ दे.

मातीत घालायच्या कोळशाकडे, बायोचारकडे, वळायचं असेल तर हायड्रोजन-कार्बनचं अणुगुणोत्तर आधी काढून घे. ०.७ च्या वर असेल तर तो बायोचार म्हणून मान्य होत नाही, ०.४ च्या खाली असेल तर मातीत फार काळ टिकेल. हेक्टरी १० टन म्हणजे कुंडीत किती, हा हिशेब बरेच जण चुकवतात. १५ सेंटिमीटर खोली आणि घनमीटरला १.३ टन घनता धरली तर हेक्टरची माती १९५० टन होते, म्हणजे वजनाने साधारण ०.५ टक्का. कुंडीत ५ टक्के घालून शेताबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. तुलनेसाठी नुसती माती पुरत नाही. तेवढीच राख किंवा चुना घातलेली कुंडीही हवी, कारण पीक वाढलं ते कोळशाने की त्यातल्या अल्कलीने, हे तिच्याशिवाय सांगता येणार नाही. ताजा, डांबर उरलेला कोळसा सुरुवातीला जमिनीतलं नत्र अडकवतो आणि रोपं पिवळी पडतात. मुळात अल्कधर्मी जमिनीत तो लोह-जस्त आणखी दुर्मीळ करतो.

जिवाची काळजी घे. भट्टीच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. धुराडं आणि धोक्याची घंटा वाजवणारा संवेदक, दोन्ही असल्याशिवाय आच लावू नकोस. डोकं जड वाटलं तर आधी बाहेर पड, भट्टी नंतर बघ. ताजा कोळसा ढिगाने ठेवला तर ऑक्सिजन ओढत स्वतःच तापतो आणि तासाभराने पेटू शकतो. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, थोडा थोडा, निदान एक रात्र वेगळा ठेव. दळताना मुखपट्टी लाव आणि जवळ ठिणगी नको, बारीक भुकटी हवेत उडाली तर भडका होतो.

प्रश्नाच्या निवडीवर येतो. आणखी एका झाडाची साल घेऊन, आणखी एकदा शुद्ध पाण्यातला मिथिलीन ब्लू काढून, नव्याने काही कळणार नाही. खरं पाणी घे, ज्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ छिद्रं आधीच बुजवतात, आणि क्षमता किती घसरते ते मोज. किंवा वापरलेला कोळसा पाच वेळा पुन्हा ताजा करून दर वेळी काय गमावलं ते बघ. किंवा तोच कोळसा सहा महिने हवेत ठेवून त्याचा पृष्ठभाग कसा बदलतो ते दर महिन्याला नोंद. शेवटचा प्रश्न मला सर्वांत जवळचा वाटतो. त्याला लागतो तो फक्त धीर आणि एक चांगली वही.

सध्या एकच माल घे. ४००, ५०० आणि ६०० अंश, प्रत्येकी तीन खेपा, अशा नऊ खेपा काढ. प्रत्येकीची वजनं, दोन्ही थर्मोकपलांचे आलेख आणि तीन-तीन मुशींचे आकडे मला पाठव. ते जुळले की आयोडिनला हात लावू.

तुझ्या पत्राची वाट पाहतो.